जखमेची नोंद आणि पराक्रम पदक



इंदूर शहरात निवृत्त सैनिकाचे घर फार शोधावे लागत नाही. महूची छावणी वीस-बावीस किलोमीटरवर आहे आणि सेवेच्या अखेरच्या वर्षांत तेथे बदली होऊन आलेली अनेक मंडळी पुढे याच परिसरात स्थायिक झाली. त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत. या घरांतून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जी विचारणा होते, ती बहुधा निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण आणि औषधोपचार यांविषयीची असते. परंतु अधूनमधून एखादा वयोवृद्ध जवान वेगळाच प्रश्न घेऊन येतो. त्याच्या मांडीत किंवा खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा आजही आहे, थंडीच्या दिवसांत तो ठणकतो, आणि डिस्चार्ज बुकात मात्र त्या जखमेची एक ओळही नाही. त्यामुळे त्याच्या छातीवर युद्धपदके आहेत, पण जखमी सैनिकास मिळणारे पदक नाही. ही नोंद आता दुरुस्त होऊ शकेल काय, असे तो विचारतो. आजचे विवेचन या एका प्रश्नापुरते आहे.

शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकांसाठी भारत सरकारने १९७३ साली एक स्वतंत्र पदक निर्माण केले. त्याचे नाव पराक्रम पदक. पलटणीत त्याला 'वूंड मेडल' असेच म्हणतात. हे शौर्यपदक नव्हे. वीरचक्र किंवा सेना पदक यांच्यासाठी वरिष्ठांची शिफारस लागते आणि निवड होते. पराक्रम पदकात निवडीचा प्रश्न नाही. जखम झाली, ती शत्रूच्या कारवाईने झाली, आणि तशी नोंद आहे, एवढे सिद्ध झाले की पदक देय होते. घुसखोर व दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमांतील जखमाही त्यात येतात. म्हणजे सारा भार नोंदीवर आहे. नोंद असेल तर पदक आपोआप यावे आणि नोंद नसेल तर जखम डोळ्यांदेखत असूनही हाती काही लागू नये, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यामागील कारण समजण्यासारखे आहे. पदकाचे मोल टिकवायचे तर ते कोणाच्या सांगण्यावरून देता येत नाही.

मग नोंद राहून का जाते? येथे थोडे तपशिलात शिरणे अगत्याचे आहे, कारण अर्जाचे यश बहुधा या कारणाच्या अचूक शोधावर अवलंबून असते.

जखमी सैनिक आघाडीवरून मागे येतो, तो टप्प्याटप्प्याने. पहिला उपचार पलटणीच्या प्रथमोपचार केंद्रात, पलटणीच्या डॉक्टरच्या हातून होतो. तेथून फील्ड अँब्युलन्स, पुढे मोठे सैनिकी रुग्णालय. या प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो आणि पलटण त्याच वेळी त्या जवानाचे नाव 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून तारेने वर कळविते. त्या तारेच्या आधारे पुढे पार्ट टू ऑर्डर निघते, ती अभिलेख कार्यालयात जाते आणि जवानाच्या सेवापुस्तिकेत जखमेची ओळ उमटते. साखळी अशी आहे. तिची पहिली कडी पलटणीत आहे, आणि गोंधळ बहुतेक वेळा तेथेच होतो.

ज्याची जखम मोठी, तो रुग्णालयात पोचतो, आणि त्याची नोंद होतेच होते. ज्याची जखम मध्यम, तो पट्टी बांधून परत मोर्चावर जातो. लढाई चालू असते, माणसे कमी असतात, सुभेदारसाहेब म्हणतात की चालता येत असेल तर थांब, आणि जवानही मागे जाण्यास राजी नसतो. प्रथमोपचार केंद्रातील वहीत त्याचे नाव पेन्सिलीने लिहिले जाते, पुष्कळदा तेही नाही. येथे एक विपरीत गोष्ट घडते. जो जखमी होऊनही जागा सोडत नाही, त्याचाच कागद सर्वांत कच्चा राहतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील चेंडिया गावचे राम राघोबा राणे यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे असे आहे. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट असलेले राणे ८ एप्रिल १९४८ रोजी नौशेरा-राजौरी रस्त्यावर भूसुरुंग काढण्याच्या कामावर होते. शत्रूच्या तोफमाऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. त्यांनी लगेच उरलेल्या माणसांची जुळवाजुळव केली आणि रणगाड्यांसाठी वाट मोकळी करण्याचे काम पुढे चालू ठेवले. त्यांना परमवीरचक्र मिळाले आणि त्याच्या प्रशस्तिपत्रात त्यांच्या जखमेचा उल्लेख कायमचा नोंदला गेला. पण असे प्रशस्तिपत्र हजारांत एकाचे निघते. त्याच रस्त्यावर, तसल्याच माऱ्यात जखमी होऊन काम करीत राहिलेल्या साध्या सॅपरची जखम कोणत्या कागदावर शोधावी, हा प्रश्न उरतोच.

दुसरे कारण महूशी निगडित असलेल्या मंडळींना विशेष जवळचे आहे. सिग्नल्सचा जवान, ई.एम.ई.चा कारागीर, तोफखान्याचा निरीक्षण पथकातील माणूस, सप्लायचा ड्रायव्हर हे युद्धात दुसऱ्याच पलटणीबरोबर जोडलेले असतात. जखम त्या पलटणीच्या हद्दीत होते आणि कळविण्याचे काम तिचे असते, पण जवानाचा अभिलेख भलत्याच ठिकाणी. एखाद्या पायदळ पलटणीने आपल्याबरोबरच्या सिग्नलमनचे नाव आपल्या याद्यांत घातले नाही, किंवा घालून ते आपल्याच रेकॉर्ड्सकडे पाठविले, तर ती ओळ जबलपूरला कधी पोचतच नाही. अशा जवानाने फक्त स्वतःच्या कोअरकडे अर्ज केल्यास 'नोंद उपलब्ध नाही' हे उत्तर येते, आणि ते उत्तर खोटेही नसते.

तिसरे कारण वर्गीकरणाचे. सैन्यात जखमेचे दोन मोठे वर्ग आहेत: 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी'. शत्रूच्या गोळ्याने झालेली जखम पहिल्या वर्गात, अपघाताने झालेली दुसऱ्यात. तोफमारा चुकविताना गाडी दरीत कोसळली आणि पाय मोडला, तर ती कोणती जखम? घाईघाईत कारकुनाने 'अपघात' लिहिले की तो शब्द जन्मभर चिकटतो. अशा प्रकरणांत नोंद असते, पण ती चुकीच्या रकान्यात असते, आणि मागणी नवीन नोंदीची नसून वर्ग बदलण्याची असते. हा भेद अर्जात स्पष्ट न केल्यामुळे कित्येक अर्ज वाया जातात.

आता कागद शोधावयाचा कोठे? इंदुरातील अनेकांची समजूत अशी की महूला एवढ्या मोठ्या सैनिकी संस्था आहेत, तेव्हा सर्व कागद तेथेच असणार. महूला पायदळ शाळा आहे, दूरसंचार अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, युद्ध महाविद्यालय आहे आणि सैनिकी रुग्णालयही आहे. परंतु जवानाचे अभिलेख त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाईट इन्फन्ट्रीचे बेळगावास, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीस, सिग्नल्सचे जबलपूरला, ई.एम.ई.चे सिकंदराबादेस. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीच्या सेना मुख्यालयात. अर्ज तेथे गेला पाहिजे.

खुद्द इंदूरकरांच्या दृष्टीने सर्वांत चुकामूक होते ती होळकर संस्थानच्या सैनिकांची. संस्थाने विलीन झाल्यावर त्यांची दले भारतीय सेनेत सामावून घेण्यात आली, आणि इंदूरची पायदळ पलटण कुमाऊँ रेजिमेंटची १५ वी पलटण झाली. तिच्या नावापुढे 'इंदूर' हा शब्द राहिला, जसा ग्वाल्हेरच्या पलटणीपुढे १४ वी कुमाऊँ होताना 'ग्वाल्हेर' हा शब्द राहिला. होळकरांच्या चाकरीत असलेल्या मराठी शिपायाची पुढची नोंद त्यामुळे हिमालयाच्या पायथ्याशी रानीखेत येथे आढळण्याचा संभव असतो. आजोबांनी इंदुरात भरती होऊन इंदुरातच देह ठेवला, मग त्यांचे कागद रानीखेतला कसे, याचे नातवंडांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. संस्थानी काळातील कागद आणि नंतरचे कागद हे दोन निरनिराळे गठ्ठे आहेत हे लक्षात ठेवून दोन्हींची विचारणा करावी.

एक कटू वस्तुस्थितीही सांगितली पाहिजे. ज्या जवानांना निवृत्तिवेतन नाही, त्यांची सेवा कागदपत्रे सेवामुक्तीनंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याचा सेनेचा नियम आहे. 'लाँग रोल' नावाची दीर्घ नामावली मात्र कायम ठेवली जाते. तीत नाव, क्रमांक, भरती आणि सेवामुक्ती यांचा सारांश असतो, जखमेचा वृत्तांत सहसा नसतो. ज्यांनी अल्प सेवेनंतर फौज सोडली त्यांच्याबाबतीत मूळ सेवापुस्तिकेची आशा म्हणूनच फार धरू नये आणि इतर पुराव्याकडे वळावे.

अभिलेख नाहीसे होण्याचे दुःख फक्त आपल्याकडचे नाही. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या सेवापत्रांचा निम्म्याहून मोठा भाग सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात जळाला. अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागारास १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापत्रे नष्ट झाली. त्या देशात जखमी सैनिकास 'पर्पल हार्ट' हे पदक मिळते, आणि तेथेही जखमेवर वैद्यकीय उपचार झाल्याची नोंद लागते. फरक असा की, तेथे १९४६ च्या कायद्याने सैनिकी अभिलेखांच्या दुरुस्तीसाठी नागरी सदस्यांची स्वतंत्र मंडळे नेमली आहेत. आपल्याकडे तसे स्वतंत्र मंडळ नाही. ज्या कार्यालयाने नोंद ठेवली, तिथेच प्रथम दाद मागावी लागते. ही व्यवस्था अर्जदारास अवघड पडते हे मान्य केले पाहिजे. आपणच केलेली नोंद चुकली असे कोणतेही कार्यालय सहजासहजी म्हणत नाही.

पुराव्याचा विचार करू. घरातील जुनी पेटी प्रथम उघडावी. युद्धकाळात पलटणीकडून किंवा रेकॉर्ड्सकडून आलेली 'आपला मुलगा जखमी झाला आहे' अशा अर्थाची तार पुष्कळ घरांनी जपून ठेवलेली असते. त्या तारेइतका मौल्यवान कागद दुसरा नाही, कारण ती त्या काळची आणि त्याच कार्यालयाची आहे. त्यानंतर रुग्णालयातून सुटताना मिळालेला कागद, आजारपणाच्या रजेचा पास, एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलविल्याचा उल्लेख असलेले पत्र, आणि सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल. या अहवालात 'डाव्या मांडीवर जुना व्रण' अशी नुसती एक ओळ असली तरी ती उपयोगी पडते. भरतीच्या वेळच्या तपासणीत तो व्रण नव्हता, हे दाखविता आले की व्रण सेवाकाळातील ठरतो.

क्ष-किरण चित्राविषयी मात्र गैरसमज नसावा. शरीरात धातूचा तुकडा आहे हे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातील चित्रातही दिसेल. तो तुकडा कोणत्या दिवशी, कोणत्या टेकडीवर आत शिरला हे चित्र सांगत नाही. तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. तो पलटणीच्या युद्ध दैनंदिनीत मिळू शकतो. या दैनंदिनीत रोजची हानी लिहिलेली असते, कधी नावानिशी, कधी नुसत्या आकड्याने. युद्धविषयक अशा कागदपत्रांच्या जतनाचे काम संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे आहे, आणि जून २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार २५ वर्षांनी हे कागद साधारणपणे खुले व्हावयाचे आहेत. माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून नेमक्या पलटणीची नेमक्या तारखेची नोंद मागता येते. 'माझ्या सर्व कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात' असा सरधोपट अर्ज करण्यापेक्षा 'अमुक पलटणीच्या डिसेंबर १९७१ मधील अमुक तारखांच्या हानीच्या नोंदीची प्रत द्यावी' असे लिहिणे कितीतरी फलदायी.

सहकाऱ्यांची शपथपत्रे ही पुराव्याला बळकटी देतात. मुख्य पुरावा म्हणून ती एकटी क्वचितच टिकतात. शेजारच्या खंदकात असलेला माणूस, जखम बांधणारा नर्सिंग असिस्टंट, त्या वेळचा कंपनी कमांडर यांनी आपण प्रत्यक्ष काय पाहिले तेवढेच लिहावे. चार जणांची शपथपत्रे शब्दशः सारखी असली की कार्यालयाचा विश्वास उडतो, आणि तो उडणे रास्त आहे.

एक समजुतीपुरते उदाहरण घेऊ. असे समजा की, सिग्नल्सचा एक नायक १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवरील एका पायदळ पलटणीबरोबर होता. तार जोडताना त्याच्या खांद्यात तुकडा शिरला. दोन दिवस त्याच पलटणीच्या केंद्रात पट्टी झाली आणि तो कामावर परतला. सेवापुस्तिकेत नोंद नाही. त्याने जबलपूरला अर्ज करताना सोबत त्या पायदळ रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयासही लिहावे, त्या पलटणीची दैनंदिनी मागवावी, सेवामुक्तीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल जोडावा आणि पलटणीतील एखादा साक्षीदार शोधावा. मागणी तीन वाक्यांत असावी: जखम केव्हा व कोठे झाली, ती कोणी कळवावयास हवी होती, आणि कोणती नोंद करून हवी. युद्धाची हकिगत लिहिण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. ती हकिगत मोलाची आहे, पण ती स्वतंत्र कागदावर लिहून नातवंडांसाठी ठेवावी. अर्जात तिची गर्दी झाली की मुद्द्याची ओळ वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते.

पदक आणि निवृत्तिवेतन यांची गल्लत करू नये. पदकास जखमेची नोंद लागते. युद्धजखम निवृत्तिवेतनास त्याखेरीज वैद्यकीय मंडळाने ठरविलेली अपंगत्वाची टक्केवारी लागते, आणि जखम कोणत्या परिस्थितीत झाली त्याचे वर्गीकरणही लागते. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात या परिस्थितींचे 'अ' पासून 'इ' पर्यंत पाच वर्ग केले आहेत, आणि आपल्याच फौजेने पेरलेल्या सुरुंगाच्या अपघाती स्फोटात सीमेजवळ झालेली जखमही शेवटच्या, म्हणजे युद्धजखमेच्या, वर्गात घातली आहे. येथे हे लक्षात येईल की निवृत्तिवेतनाची व्याख्या रुंद आहे आणि पदकाची अरुंद. एका जवानास युद्धजखमेचे वेतन मिळावे आणि पराक्रम पदक मिळू नये, असे घडू शकते. त्यात अन्याय झालाच असे नाही.

अभिलेख कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी आणि कारणासहित मागून घ्यावा. त्यावर सेना मुख्यालयाकडे निवेदन करता येते, आणि तेथेही समाधान न झाल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा मार्ग मोकळा असतो. हे न्यायाधिकरण २००७ च्या अधिनियमाने स्थापन झाले व २००९ पासून काम करू लागले. मध्य प्रदेशासाठी जबलपूर येथे आणि महाराष्ट्रासाठी मुंबई येथे त्याचे पीठ आहे. अंतिम नकारानंतर साधारण सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो. विलंबास सबळ कारण असल्यास तो क्षम्य ठरू शकतो. विलंबाने काय गमावले जाते, हे तरसेमसिंग यांच्या प्रकरणावरून कळते. १९८३ साली अपंगत्वामुळे फौजेतून मुक्त झालेल्या या जवानाने १९९९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. अपंगत्व वेतनाचा हक्क दर महिन्याला नव्याने उत्पन्न होतो म्हणून विलंबाने तो बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मानले. मात्र थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. सोळा वर्षांपैकी तेराएक वर्षांची रक्कम केवळ थांबण्यामुळे गेली.

मान मिळण्यास उशीर होणे ही गोष्ट मराठी मुलखाला नवी नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ई.एम.ई.त होते आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. त्यांची जखम आणि त्यांचा विजय वृत्तपत्रांत नोंदलेला होता, म्हणून उशिरा का होईना, शोधणाऱ्यास सापडला.

जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. त्यांनी प्रथम एक गोष्ट तपासावी, आणि हयात असलेल्यांनीही ती आजच तपासावी: अभिलेखातील नाव. भरतीच्या वेळी कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेले नाव पुष्कळदा भलतेच असते. 'जाधव' चे स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी, गावाच्या जागी तालुका, असे प्रकार सर्रास आढळतात. आपल्याकडे पदकाच्या कडेवर जवानाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरून देण्याची पद्धत आहे. कोरणारा ते अभिलेखावरून उतरवितो. तेव्हा जखमेच्या नोंदीचा अर्ज करण्यापूर्वी नावाची दुरुस्ती करून घ्यावी आणि त्या दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाल्याची प्रत हाती आल्यावरच पुढचा कागद टपालात टाकावा.